सिगप्पीच्या डब्याचं झाकण

कारैक्कुडी,
३ नोव्हेंबर २०२३

ती. मेय्यम्मै अत्तैस,
उमैयाळचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या मुलाने, चोक्कु अत्तानने, एवढं महागाचं कानयंत्र आणलं आणि तुम्ही ते दुसऱ्याच दिवशी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवून दिलंत, हे वाचून अप्पा दिवसभर हसत होते. त्यांचं म्हणणं की अक्काला लहानपणीही ऐकायचं नसलं की ऐकू येत नसे, आता फक्त डॉक्टरचा कागद मिळालाय. फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही याचं मला मात्र वाईट वाटत नाही. त्या निमित्ताने निदान एका माणसाला तरी मी पत्र लिहिते.

आता मुख्य बातमी. आधी खाली बसा. देवकोट्टैच्या तुमच्या मैत्रीण सिगप्पी आच्ची दोन वर्षांपूर्वी पेनांगला वारल्या, त्यांचा मुलगा अण्णामलै गेल्या महिन्यात आला होता. आईच्या माहेरच्या वाड्यातली तिची खोली त्याला रिकामी करायची होती. जुन्या बाजारातला व्यापारी सगळं वजनावर उचलायला निघाला होता. एनॅमलचे डबे, पितळी घागरी, टिफिन, सगळं एका काट्यावर! मला बघवेना. मी अण्णामलैला सांगितलं की नगावर भाव देते, आणि अख्खी खोली घेतली. दोनशे अकरा नग. पैशांसाठी अम्माच्या चार बांगड्या विकल्या. अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. अण्णामलै कागद लिहून देत होता, पण अप्पांनीच हात जोडून नको म्हटलं. आपल्या माणसाकडून पावती मागायची म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखंच, असं त्यांचं मत, आणि खरं सांगायचं तर माझंही.

धंदा कसा चालतो ते तुम्ही विचारलं होतंत. सकाळी आठच्या सुमाराला चौकात ऊन तिरकं येतं, तेव्हा फोटो काढायचे. पितळ घासून चकचकीत करायचं नाही, लोकांना काळवंडलेलंच हवं असतं. आणि जिथे टवका उडालाय त्याचा फोटो सर्वांत आधी टाकायचा. माझ्या दुकानाची तेवढीच काय ती अक्कल. मग मोबाइलवर विचारणा सुरू होतात. पुण्याच्या एका बाईंनी एका किटलीबद्दल सतरा प्रश्न विचारले. मी वैतागले होते, पण घासाघीस न करता अठराव्या निरोपाला त्यांनी पैसे पाठवले. आठवड्यात एकतीस नग गेले. अप्पांनी नेसून जीर्ण केलेल्या वेष्ट्यांत गुंडाळून, पेंढा भरून पाठवते. अजून एकही फुटला नाही.

त्या मालात एकात एक बसणारे अकरा पिवळे डबे आहेत, हिरव्या काठाचे. सर्वांत लहान डब्याचं झाकण मात्र कुणीतरी पार वाट लावून ठेवलंय, त्यामुळे तो विकायचा नाही. डबा कपाटात ठेवलाय आणि झाकणात मी कपड्यांचे चिमटे ठेवते. चौकाचा फोटो सोबत पाठवत आहे. भिंगातून बघा आणि शाबासकी द्या.

तुमच्या शिव्यांची वाट पाहणारी,
उमैयाळ

*

कोइंबतूर,
९ नोव्हेंबर

चि. उमैयाळ हिस अनेक उ. आ.

शाबासकी कसली मागतेस? स्वतःच्या लग्नासाठी ठेवलेल्या बांगड्या विकून दुसरीच्या लग्नातलं रुखवत विकत घेतलंस! तुझी अम्मा असती तर तिने तुला त्याच घागरीत बसवून विहिरीत सोडलं असतं. आपल्या घरात भांडी विकायला काढली की लोक समजायचे, बसलं यांचं घर. आणि तू फोटो काढून जगाला दाखवतेस. माझी सून म्हणते की हल्ली यालाच धंदा म्हणतात. म्हणोत. तिने तुझं दुकान मला मोबाइलवर दाखवलं. त्या किटलीला लोकांनी दिलेला भाव बघून मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. आमच्याकडे तिच्यात म्हशीचं औषध उकळायचे.

सिगप्पी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिच्या लग्नात आम्ही पंधरा दिवस देवकोट्टैला मुक्काम ठोकला होता. ते पिवळे डबे तिच्या बापाने पेनांगहून मागवले होते. लग्न झालं आणि त्याच महिन्यात ती नवऱ्याबरोबर बोटीने गेली, रुखवत खोलीतच राहिलं. वर्षातून एक पत्र यायचं. तिच्या वस्तू तुझ्या हाती आल्या हे बरं झालं. वजनावर गेल्या असत्या तर मला सोसलं नसतं.

फोटो भिंगातून पाहिला. चिमटे ठेवलेस ते झाकण काठाशी तीन ठिकाणी टवके उडालेलं आहे का? आतल्या बाजूला वाकडी अक्षरं आहेत का? असतील तर चिमटे काढ, झाकण धुऊन फडक्यात गुंडाळून ठेव, आणि कुणाला देऊ नकोस. का ते विचारू नकोस. मोठ्या माणसांना काही गोष्टी नुसत्या सांगायच्या असतात.

तुझ्या अप्पाला, अळगप्पनला सांग, जेवणावर राग काढायची सवय आपल्या बापाची होती, तिने बापाचं पोट बिघडवलं, धंदा नाही सुधारला.

तुला रागावण्याचा हक्क सोडायला तयार नसलेली,
तुझी अत्तै

*

कारैक्कुडी,
२४ नोव्हेंबर

ती. अत्तैस सा. न.

या खेपेला गंमत लिहायला काही नाही. माझं दुकान बंद पडलंय.

चेन्नईच्या वळ्ळियम्मै आच्चींनी पिवळ्या डब्यांचा फोटो पाहिला. बुडावर रंगाने लिहिलेलं ‘सिगप्पी’ हे नाव वाचलं आणि आपल्या लोकांचा जो मोबाइलवरचा गट आहे, आठशे माणसांचा, त्यात लिहिलं की हा माझ्या आजीच्या घरातला चोरीचा माल आहे. त्यांच्या आजीचंही नाव सिगप्पीच. आजीचं नाव नातीला ठेवायची आपली रीत, त्यामुळे त्या वाड्यात एक सिगप्पी आजी आणि एक सिगप्पी नात. वळ्ळियम्मै आच्ची त्या नातीची चुलत बहीण. त्यांचं म्हणणं असं की खोली आजीची, सामान आजीचं, आजीच्या मागे सगळ्या नातवंडांचा त्यात वाटा. तेव्हा अण्णामलैला विकायचा हक्क नव्हता आणि मला घ्यायचा नव्हता. त्यांनी विक्रीच्या साइटकडेही तक्रार केली. दोन दिवसांत दुकान बंद. वाटेवरची नऊ पार्सलं परत आली. तक्रार करणाऱ्याने ती मागे घेतली तरच पुन्हा उघडेल, असं त्यांचं उत्तर. पोंगलच्या आत सगळा माल वाड्यावर आणून दिला नाही तर पोलिसांत जाऊ, असा आच्चींचा निरोप आहे.

अण्णामलैला फोन केला. तो शपथेवर सांगतो की आई ‘माझी खोली’ म्हणायची. पण त्याचा जन्म पेनांगचा, त्याच्या शब्दाला इथे कोण विचारतो? कागद असता तर निदान तोंड उघडता आलं असतं. पावती मागायची लाज वाटली, आता चोर म्हणवून घ्यायची पाळी आली.

बांगड्या गेल्या त्याचं मी सोसेन, अत्तै. पण काल किराणा आणायला गेले तर दुकानदारीण बाजूच्या बाईच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अप्पा चार दिवस देवळात गेलेले नाहीत. कोप्पुडै अम्मनचं दर्शन त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. मी हे सगळं स्वतःच्या पायावर उभं राहायला सुरू केलं आणि त्यांनाच मान खाली घालायला लावली, हे मला खुपतं.

त्या लग्नात तुम्ही होतात. ते डबे नातीचे की आजीचे, हे सिद्ध करता येईल असं काही तुम्हाला आठवतं का? झाकण जपून ठेवलंय. तुम्ही सांगितलंत तसेच आहेत, तीन टवके आणि आत वाकडी अक्षरं.

उत्तर लवकर पाठवा, इथे तुमच्याशिवाय कुणाला विचारू कळत नाही.
उमैयाळ

*

कोइंबतूर,
१ डिसेंबर

चि. उमैयाळ हिस उ. आ.

पत्र आलं त्या रात्री मी झोपले नाही. सुनेला वाटलं पित्त झालं. पित्त नव्हतं, छप्पन्न वर्षं गिळून ठेवलेली गोष्ट वर येत होती.

सन एकोणीसशे सदुसष्ट. लग्नाला चार दिवस होते. रुखवत चौकात मांडलं होतं आणि पितळेच्या भांड्यांवर नाव घालायला देवकोट्टैचा कासार बसला होता. दिवसभर त्याची टकटक चालायची. मी चौदा वर्षांची होते आणि त्या छिन्नीवर माझा जीव जडला होता. दुपारी तो जेवायला उठला. मी छिन्नी आणि हातोडी उचलली. मला वाटलं, मैत्रिणीच्या एका तरी वस्तूवर माझ्या हातचं नाव असावं. पितळ सोडून मी नेमकं ते पिवळं झाकण घेतलं. एनॅमलवर नाव ठोकायचं नसतं, रंगाने लिहायचं असतं, हे दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं. मला कळत होतं की नाही ते देव जाणे. आतल्या बाजूला दोन-तीन वाकडी अक्षरं कशीबशी उमटली, तोच काठाशी टवका उडाला, मग दुसरा. तिसरा उडाला तशी मी झाकण टाकून माडीवर पळाले.

झाकणाशेजारी कोण सापडलं? वळ्ळियम्मै. नऊ वर्षांची पोर, तुटलेले पिवळे कपचे गोळा करून खेळत बसली होती. तिच्या आजीने, म्हणजे मोठ्या सिगप्पी आच्चींनी, तिच्या अशी कानशिलात लगावली की चौकातली बायामाणसं वळून बघायला लागली. पोर रडत ओरडत होती की मी नाही केलं. मी माडीच्या कठड्याआडून बघत होते. खाली आले नाही. मग आजीने तिच्या देखत ते डबे उचलले, नातीच्या खोलीत ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली नव्या नवरीच्या हातात दिली. म्हणाली की ही खोली आणि हे रुखवत आता हिचं, कुणी हात लावाल तर याद राखा. आजीचं स्वतःचं जुनं सामान त्याच्या आधीच लेकींना वाटून झालं होतं.

हे वळ्ळियम्मैला आठवत असणार. ज्याला मार बसतो तो विसरत नाही. फक्त त्या झाकणाचा आणि या डब्यांचा तिने मेळ घातलेला नसणार, कारण झाकणाचा फोटो तू टाकलाच नव्हतास.

मी हे पत्र नुसतं तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. अठरा तारखेला चेन्नईत पिळ्ळैयार नोन्बुला, गणपतीच्या व्रताला, आपले लोक जमतील, वळ्ळियम्मैही असेल. झाकण घेऊन जा आणि हे सगळ्यांसमोर वाच. माझ्या लाजेखातर एक ओळही गाळायची नाही. तिला चौकात मारलं होतं, तर कबुलीही चौकातच हवी. अळगप्पनलाही घेऊन जा.

सिगप्पीला मी हे एकदाही लिहिलं नाही. आता ती नाही. निदान एकीला तरी वेळेवर सांगते, तीही छप्पन्न वर्षं उशिरा.

तुला धीर द्यायचा तर मलाच धीर हवाय, तरी आशीर्वाद आहेच.
अत्तै

*

कारैक्कुडी,
२१ डिसेंबर

ती. अत्तैस उमैयाळचे शंभर नमस्कार!

बसा, पण या खेपेला पाट घेऊन ऐटीत बसा.

अप्पा यायला तयार नव्हते. तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं की अक्काने हे खरंच लिहिलंय का. मग उठून स्वतः वेष्टीला इस्त्री केली.

सभागृहात दोनशेवर माणसं होती. आम्ही शिरलो तशी आमच्याभोवतीच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पूजा झाली, नोन्बुच्या रीतीप्रमाणे पिठाच्या गोळीतली पेटती वात सगळ्यांनी वडीलधाऱ्यांच्या हातून घेऊन गिळली. बायकांच्या रांगेला वाती द्यायला वळ्ळियम्मै आच्चीच बसल्या होत्या. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता वात पुढे केली. मी ती गिळली आणि तिथेच सांगितलं की आच्ची, वात अजून गळ्याखाली गरम आहे तोवर मला एक पत्र वाचू द्या, यात तुमचं नाव आहे. लोक कुजबुजले. एका काकांनी सणाच्या दिवशी भांडण नको म्हणून मला खाली बसायला सांगितलं. त्यावर आमचे अप्पा, जे बँकेतसुद्धा मोठ्याने बोलत नाहीत, उभे राहून म्हणाले की माझ्या मुलीला आठशे लोकांत चोर म्हटलंत, आता दोनशे लोकांत तिचं ऐका.

मी वाचलं. छिन्नीपाशी आले तेव्हा कुणीतरी हसलं. कानशिलापाशी आले तेव्हा कुणी हसेना. ‘मी माडीच्या कठड्याआडून बघत होते’ हे वाक्य मी दोनदा वाचलं.

मग झाकण आच्चींच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा मागितला. तीन टवक्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट नकळत डाव्या गालावर गेलं. मग एकदम मोठ्याने म्हणाल्या की मी त्या दिवशी गळा फाडून सांगत होते की मी नाही केलं, मी नाही केलं, आणि एकानेही ऐकलं नाही! शेवटी माझ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं की तूही तेच सांगत होतीस ना महिनाभर. मी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. आम्ही दोघी तिथे चटईवर बसून रडलो, आणि अप्पा शेजारी उभे राहून छताकडे बघत होते.

त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हो, किल्ली सिगप्पीच्या हातात दिलेली मी या डोळ्यांनी पाहिली, खोली तिची होती, रागापायी माझ्या लक्षात राहिली ती फक्त थप्पड. तिथल्या तिथे नातीकडून मोबाइलवर तक्रार मागे घ्यायला लावली आणि गटावर माफी लिहायला लावली. नातीने छोटीशी लिहिली होती, ती त्यांना पसंत पडली नाही. पुन्हा मोठी लिहवून घेतली.

पुढची गंमत ऐका. नोन्बुच्या मिठाचा, म्हणजे पूजेत ठेवलेल्या शुभ वस्तूंचा, संघाच्या मदतीसाठी होतो तो लिलाव सुरू झाला. मीठ गेलं, हळद गेली, गूळ गेला, आणि लिलाव पुकारणाऱ्या काकांनी थट्टेत ते झाकणही वर धरलं. माझ्या दुकानात कुणी फुकट नेलं नसतं अशा झाकणावर बोली लागली! मदुरैच्या एका हॉटेलवाल्याने जोर लावला, पण आच्चींपुढे कुणाचं चालतं? मिठाच्या तिप्पट बोलीवर त्यांनी ते घेतलं. पैसे संघाच्या देणगीत गेले आणि टाळ्या मात्र मला मिळाल्या.

दुकान उघडलं. माफीबरोबर डब्यांचा फोटो आठशे घरांत पोचला होता, आणि तुमची गोष्ट त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितली. दोन दिवसांत चौऱ्याण्णव नग गेले! दहा पिवळे डबे त्या मदुरैच्या हॉटेलवाल्याने एकत्र घेतले. पुण्याच्या बाईंनी आणखी दोन किटल्या घेतल्या, या खेपेला एकही प्रश्न न विचारता. तीन घरांतून निरोप आहेत की आमचीही खोली येऊन बघ. आता मी आधी कागद मागते, आणि अप्पाच शाईचं पेन पुढे करतात. काल ते देवळात गेले, परत आल्यावर सांगत होते की आज फार लोकांनी नमस्कार केला.

अकरावा, झाकण नसलेला डबा मात्र मी विकलेला नाही. तो कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

आनंदाने वेडी झालेली,
उमैयाळ

*

चेन्नई,
२६ डिसेंबर

मेय्यम्मै अक्का,
नमस्कार. आशीर्वाद मागत नाही, आधी हिशेब पुरा होऊ दे.

तुझा पत्ता तुझ्या भाचीकडून घेतला. पोर चुणचुणीत आहे. तिला मी चोर म्हटलं, त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. तिच्याकडून मी आणखी एक कॉफीचा फिल्टर घेतला, तिने मला एक रुपया सूट दिली नाही. बरं केलं.

आता तुझ्याकडे वळते. सहा महिने मला घरात सगळे ‘छिन्नी’ म्हणायचे. माझ्या लग्नात कासाराला माझ्यासमोर हत्यारं काढू दिली नव्हती. आणि तू कठड्याआड! सभागृहात मी रडले ते लोकांना दिसलं, घरी येऊन मी तुला ज्या शिव्या घातल्या त्या फक्त भिंतींनी ऐकल्या. त्या कागदावर लिहीत नाही, पोस्टमन आपल्या ओळखीचा आहे.

झाकण माझ्याकडे आहे. देवघरात ठेवलंय. डबा तुझ्याकडे जाईल असं ऐकते. झाकणाशिवाय डबा म्हणजे नुसती वाटी. तेव्हा डबा घेऊन तू स्वतः ये. पोंगलपर्यंत राहा. पणियारम मी करीन, चटणी तू कर, तुझ्या हातची सिगप्पीला आवडायची. आणि एक थप्पड तुझ्या नावची माझ्याकडे छप्पन्न वर्षं पडून आहे, तीही घेऊन जा. व्याज मागणार नाही.

येतेस की पुन्हा माडीवर पळतेस, ते कळव.
वळ्ळियम्मै

*

कोइंबतूर,
२ जानेवारी २०२४

चि. उमैयाळ हिस माझ्या आयुष्यभराचे उ. आ.

तुझं पत्र मी सुनेला वाचून दाखवलं, मग तिने माझ्या हातून घेऊन स्वतः वाचलं, मग चोक्कु कामावरून आला तेव्हा त्याला पुन्हा वाचून दाखवलं. आता शेजारच्या घरात गेलंय, परत येईल तेव्हा येईल. अळगप्पन सभेत उभा राहून बोलला हे वाचून मला जो आनंद झाला, तो दुकान उघडल्याचाही झाला नाही. आपल्या घरात त्याच्याइतका मऊ माणूस नाही, आणि लेकीसाठी तो उठला. भांडी विकायला काढली की घर बसतं असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेते. घर उभं केलंस.

वळ्ळियम्मैचं पत्र आलं. सोबत पाठवत आहे, जपून ठेव, विकू नकोस. डबा आज पोचला. पेंढ्यात, वेष्टीत, वर दोरी, इतका बंदोबस्त की सोडवायला अर्धी सकाळ गेली. तो मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसले होते. सिगप्पीची आठवण झाली, रडलेही. मग त्यात थोडी सुपारी भरली आणि सामान बांधलं.

शुक्रवारच्या गाडीने चेन्नईला निघते. चोक्कु सोडायला येतोय. त्याला एका गोष्टीचं फार नवल वाटलं, ते तुलाही सांगते. डाळीच्या डब्यातून मी यंत्र काढलं, पुसलं आणि कानाला लावलं. त्याने विचारलं की आता कशी उपरती झाली. मी सांगितलं, बाबा रे, छप्पन्न वर्षं वाट पाहिलेली थप्पड आहे, तिचा आवाज नीट ऐकू यायला हवा.

गाल धुऊन तयार असलेली,
तुझी मेय्यम्मै अत्तै